झाड तोडायला परवानगी लागते, तोडणाऱ्याला शिक्षण लागत नाही. मावळात दोरावरचं काम शिकवणार कोण?

तळेगाव दाभाडे : मे महिना संपत आला की मावळात झाडतोडीची घाई सुरू होते. घरावर आलेली फांदी, वायरीला टेकलेला शेंडा, गोठ्यावर कललेला जुना आंबा, हे सगळं मृगाच्या आधी उरकायचं असतं. मग कुणीतरी ओळखीचा माणूस बोलावला जातो. तो कमरेला सोल बांधतो, कटर मशीन घेतो आणि वर चढतो. खाली दोघं-तिघं दुसऱ्या दोरानं फांदी ओढून धरतात. बहुतेक वेळा काम होऊन जातं. ज्या दिवशी होत नाही, त्या दिवशी पत्रा फाटतो, वायर तुटते, नाहीतर माणूसच खाली येतो.

झाड तोडावं की नाही, यावर तळेगाव, लोणावळा, वडगावात बरीच चर्चा होते आणि व्हायलाच हवी. पण तोडायचं ठरल्यावर ते कोण तोडणार, त्याला हे काम कुणी शिकवलं आणि शिकवणाऱ्याला तरी ते येतं का, हे कुणी विचारत नाही. जीव मात्र तिथंच जातो.

आता झाड पाडता येत नाही, उतरवावं लागतं

पूर्वी झाड रानात किंवा बांधावर असायचं. बुंध्यात खाच घेतली, दोर लावून मोकळ्या बाजूला ओढलं की काम संपलं. आज तळेगाव स्टेशन भागात, सोसायट्यांच्या गल्ल्यांत, पवनेकाठच्या फार्महाऊसवर झाडाच्या चारही बाजूंना काही ना काही उभं आहे. कुठं बंगला, कुठं विजेची तार, कुठं पाण्याची टाकी, तर कुठं पॉलिहाऊस. मोठं झाड आडवं पाडायला जागाच उरलेली नाही. ते शेंड्यापासून तुकड्यातुकड्यानं दोरावर खाली आणावं लागतं. बाहेरच्या देशांत या कामाला रिगिंग म्हणतात.

वादळानं हा प्रश्न आणखी वाढवला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट चढून मावळातही आलं. झाडं पडली, पॉलिहाऊसचे कागद उडाले, गावंच्या गावं अंधारात राहिली. तेव्हापासून घराजवळचं मोठं झाड दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. झाड काढायची मागणी वाढली, काम करणारेही वाढले. शिकवणारे त्या मानानं वाढले नाहीत.

हाताला न कळणारा हिशोब

काम वरवर सोपं दिसतं. फांदी कापायच्या आधीच तिला दोर बांधतात. तो दोर वरच्या भक्कम फाट्याला लावलेल्या कप्पीतून खाली येतो. खाली बुंध्याला किंवा त्यासाठी बांधलेल्या लोखंडी नळकांड्याला वेढे देऊन एक माणूस त्याचं टोक धरतो. फांदी सुटली की वेढ्यांच्या घासणीवर ती हळूहळू उतरते. उधळलेला बैल हातानं धरून थांबत नाही, पण कासऱ्याचे दोन वेढे खुंट्याला दिले की थांबतो. इथंही तेच तत्त्व आहे.

घोटाळा होतो तो वजनात. दोन फूट व्यासाचा, पाच फूट लांबीचा ओला ओंडका साधारण चारशे किलो भरतो. म्हणजे जवळपास एका बैलाचं वजन. तो कप्पीला नुसता लटकत असला तरी कप्पीवर दोन बाजूंनी ओढ येते. एक ओंडक्याची आणि दुसरी खाली धरलेल्या दोराची. त्यामुळं ज्या फाट्याला कप्पी बांधली, त्यावरचा भार सातशे-आठशे किलोच्या घरात जातो. मोट हाकलेल्या जुन्या माणसांना हे पटकन कळेल. नाड्याला ओढ लागली की चाकाखालची लाकडं करकरायची, ती या दुहेरी भारानंच.

खोडाचा वरचा तुकडा कापताना तर कप्पी कापाच्या खाली असते. तुकडा आधी तेवढं अंतर मोकळा पडतो आणि मग दोर ताणला जातो. तो झटका वजनाच्या कितीतरी पट असतो. त्या वेळी वर चढलेला माणूस त्याच खोडाला बांधलेला असतो. खालच्यानं दोर गच्च आवळून धरला तर सगळा झटका खोडाला बसतो आणि वरचा माणूस खोडासकट हलतो. खालच्यानं दोर थोडा सोडत सोडत थांबवला तर झटका निम्म्यानं मरतो. म्हणून या कामात खालचा माणूस वरच्याइतकाच कसबी लागतो. आपल्याकडं मात्र खाली कोण उभा राहतो? त्या दिवशी जो रिकामा सापडेल तो.

दोराचंही तसंच. दोराला गाठ मारली की त्याची ताकद सरळ दोराइतकी राहत नाही, तिसरा हिस्साही कमी होऊ शकतो. म्हणून जाणकार माणूस दोर तुटण्याच्या वजनाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्यातच काम करतो. बाजारात किलोवर मिळणारा प्लास्टिकचा दोर किती वजनाला तुटेल, हे त्यावर लिहिलेलं नसतं. तोच दोर उन्हात पडून वर्षभरात कुजका होतो, तरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा निघतो.

मावळात हे ज्ञान आहे, पण वाटलेलं आहे

तालुक्यात जाणकार नाहीत असं कुणी म्हणू नये. जाणकार आहेत, पण प्रत्येकाकडं या कामाचा एकेक भाग आहे.

पहिला भाग ठाकर आणि कातकरी वस्त्यांवर आहे. झाडावर चढणं, फांदी चिवट की कच्ची हे ओळखणं, पोकळ खोड आवाजावरून सांगणं, हे या माणसांना लहानपणापासून येतं. चिंचेची फांदी वाकेल पण सोडणार नाही, शेवगा आणि पांगारा न सांगता मोडेल, गुलमोहर भरवशाचा नाही, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागत नाही. पण कप्पी, झटका आणि चारशे किलोच्या ओंडक्याचा हिशोब त्यांच्या जुन्या कामात कधी आलाच नव्हता. कोयत्यानं फांद्या छाटण्यात तो लागत नाही. कटर मशीन हातात आलं आणि एका दमात मोठा तुकडा सुटायला लागला, तेव्हा तो लागायला लागला.

दुसरा भाग लोणावळ्यात आहे. शिवदुर्ग मित्र, लोणावळा या संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं दरीत अडकलेल्यांना दोरावरून वर काढतात. तळेगाव परिसरात वन्यजीव रक्षक मावळ संस्थेचे तरुण अशाच हाकेला धावतात. गाठी, हार्नेस, जखमी माणसाला खाली आणणं, यात या लोकांचा हात बसलेला आहे. पण त्यांचा दोर कड्याला किंवा खडकात ठोकलेल्या बोल्टला बांधलेला असतो. खडक आतून किडलेला नसतो आणि कापताना फाटत नाही. शिवाय गिर्यारोहकाच्या हातात चालू मशीन नसतं. मशीनचा एक ओझरता स्पर्श झाला तरी ताणलेला दोर सुटतो. म्हणून झाडावर मशीन चालवताना माणूस दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेला असावा लागतो आणि त्यातला एक पट्टा आत तार घातलेला असतो. ही सवय कड्यावर लागत नाही.

तिसरा भाग सुदुंबऱ्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची पाचवी बटालियन तिथं आहे. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला, तेव्हा हे जवान आणि स्थानिक पथकं पाण्यात उतरलेली सगळ्यांनी पाहिली. वादळात रस्त्यावर पडलेली झाडं कापणं हे या दलाचं नेहमीचं काम आहे. पण पडलेलं झाड कापणं वेगळं आणि उभं झाड घरावरून उतरवणं वेगळं. शिवाय हे दल बोलावलं जातं ते घटना घडून गेल्यावर.

झाड ओळखणारा, दोर ओळखणारा आणि मशीन ओळखणारा असे तिघं तालुक्यात आहेत. तिन्ही गोष्टी एकाच माणसाला शिकवणारी जागा मात्र नाही. आयटीआयच्या ट्रेडमध्ये वायरमन, वेल्डर, फिटर, प्लंबर सापडतात. झाड उतरवणारा सापडत नाही.

मोबाइलवरचा उस्ताद

ही रिकामी जागा सध्या मोबाइलनं भरली आहे. परदेशातले व्हिडिओ पाहून गाठ शिकणारी पोरं गावोगाव आहेत. त्यात गैर काही नाही, गाठ व्हिडिओवरून शिकता येते. पण त्या व्हिडिओतलं झाड बहुतेक वेळा सरळसोट सूचिपर्णी असतं. आपला वड दहा दिशांना पसरलेला, उंबर आतून पोकळ, निलगिरी कापताना उभी चिरणारी. व्हिडिओत काप दिसतो. कापाच्या आधी अर्धा तास झाडाभोवती फिरून काय पाहिलं, कुठली फांदी नको म्हणून सोडली, हे दिसत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट सुरू होते. दोन वर्षं काम केलेला माणूस दुसऱ्या चौघांना शिकवायला लागतो. त्याचं आजवर काही बिघडलं नाही, हीच त्याची पात्रता. पण न बिघडण्याचं कारण कसब होतं की नशीब, हे त्यालाही ठाऊक नसतं. शिकणाऱ्याला तर विचारायचं काय, हेच माहीत नसतं.

कायदा विचारतो ‘तोडू का?’; ‘कोण तोडणार?’ हे विचारत नाही

नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. हद्दीबाहेरच्या गावांत १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग अशी आपल्या बांधावरची झाडं येतात.

दोन्ही कायदे झाडाच्या रक्षणासाठी आहेत आणि त्यांची गरज आहे. पण परवानगीच्या कागदावर झाडाची जात, घेर आणि कारण येतं. वर चढणाऱ्या माणसाला काय येतं, त्याचा रकाना त्यात नाही. घरात पंखा लावायचा तर परवानाधारक वायरमन बोलवा असं सांगतात. घरावरून अर्धा टनाचं खोड काढायला कुणीही चालतो.

ठेक्याची पद्धतही याला हातभार लावते. अनेकदा मजुरीच्या बदल्यात लाकूड न्यायचं असं ठरतं. मग लाकूड वखारीत चांगल्या भावानं जावं म्हणून ओंडका लांब आणि जाड ठेवायचा मोह होतो. दोरावर उतरवायचं तर तुकडे लहान हवेत. ज्याचा नफा मोठ्या तुकड्यात आहे, त्याच्याकडून लहान तुकड्यांची अपेक्षा ठेवली जाते.

आणि माणूस पडला तर? शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, उंचावरून पडणंही त्यात येतं. पण ती योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. झाडावर चढणाऱ्यांत भूमिहीनच जास्त. ज्याच्या दारात झाड आहे त्याला आधार आहे, जो त्या झाडावर चढतो त्याला नाही.

शिकवायचा अधिकार दुसरीकडं कसा ठरतो?

आपल्याच देशात आणि जगात याची उत्तरं आधीच शोधलेली आहेत. ती पाहिली तर एक गोष्ट सगळीकडं सारखी दिसते. काम येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या पात्रता मानल्या जातात.

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून आहे. मावळातली कित्येक पोरं तिथं जाऊन आली. तिथं आधी बेसिक, मग ॲडव्हान्स कोर्स असतो. पुढचा कोर्स मिळण्यासाठी आधीच्या कोर्सला ‘ए’ श्रेणी लागते. त्यानंतर शिकवू इच्छिणाऱ्यासाठी ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ नावाचा वेगळा कोर्स आहे. उत्तम चढणारा आपोआप शिक्षक होत नाही.

उंच इमारती आणि पवनचक्क्यांवर दोरावरून काम करणाऱ्यांसाठी ‘इराटा’ ही जगभर चालणारी पद्धत आहे. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायला किमान एक वर्ष आणि दोरावरच्या १,००० तासांची नोंद लागते. परीक्षा घेणारा माणूस शिकवणाऱ्या संस्थेचा नसतो. आपणच शिकवायचं आणि आपणच पास करायचं, हा मार्गच बंद केलेला आहे.

झाडांसाठी ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ ही संस्था आहे. तिचं ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’ हे प्रमाणपत्र भारतातही काही जणांकडं आहे. पण ती लेखी परीक्षा आहे. झाडाचं ज्ञान तपासते, चढणं तपासत नाही. चढणाऱ्याची परीक्षा वेगळी आणि ती झाडावर घेतली जाते. म्हणून नुसतं प्रमाणपत्र दाखवलं की ते कशाचं आहे, हेही विचारावं लागतं.

आपल्या लोकांना सगळ्यात जवळचं उदाहरण नारळाचं. नारळ विकास मंडळानं २०११ मध्ये केरळात ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ नावाचं प्रशिक्षण सुरू केलं. सहा दिवस यंत्रानं चढायला शिकवायचं, चढायचं साधन द्यायचं आणि विमाही काढायचा. नारळ काढणाऱ्याच्या हातचं काम काढून न घेता ते काम सुरक्षित केलं.

मावळात काय करता येईल?

इथं एक शंका रास्त आहे. प्रमाणपत्राची सक्ती आली की शहरातल्या कंपन्या ठेके घेतील आणि पिढ्यानपिढ्या चढणारा कातकरी बाहेर फेकला जाईल. हे घडू शकतं. म्हणूनच परीक्षा लेखी नको, झाडावरची हवी. तोंडी प्रश्न मराठीत हवेत आणि दहावी पासची अट नको. ज्याला काम येतं त्याच्या आधीच्या कौशल्याला मान्यता द्यायची पद्धत सरकारी कौशल्य योजनांत आहेच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार अशा १८ कारागिरांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. झाड उतरवणारा त्या अठरात नाही. त्याला आणायची मागणी ग्रामसभेच्या ठरावापासून सुरू होऊ शकते.

शिकवायला जागाही आहे. तळेगावात पणन मंडळाच्या पुढाकारानं उभी राहिलेली राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. राज्यभरातले शेतकरी तिथं पॉलिहाऊसचं शिक्षण घ्यायला येतात. फुलशेती शिकवणाऱ्या याच तळेगावात झाड उतरवणं शिकवता येणार नाही असं काही नाही. झाडाचं ज्ञान वस्तीवरच्या जाणत्याकडून, दोराचं ज्ञान बचाव पथकांकडून, मशीनचं ज्ञान त्यातल्या तज्ज्ञाकडून, आणि परीक्षा घ्यायला बाहेरून आलेला आर्बोरिस्ट. जाणत्या माणसाला तिथं मजूर म्हणून न बोलावता शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलावलं पाहिजे.

तोवर नगरपरिषद आणि ग्रामपंचायत एक गोष्ट लगेच करू शकतात. झाडतोडीच्या ठेक्यात तीन अटी घालायच्या. वर चढणाऱ्याचा विमा हवा, दोर-हार्नेस तपासलेले हवेत आणि वरच्याला काही झालं तर त्याला खाली आणू शकणारा दुसरा चढणारा जागेवर हवा. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. जखमी माणूस हार्नेसमध्ये लटकून राहिला तर मिनिटं मोजायची असतात. लोणावळ्याहून पथक निघून येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

माणूस बोलावण्याआधी हे विचारा

घरचं झाड काढायचं असेल किंवा गावातल्या पोराला हे काम शिकायला पाठवायचं असेल, तर पुढचे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

१. तुम्ही हे कुणाकडून शिकलात आणि तुमची परीक्षा कुणी घेतली? दोन्हीचं उत्तर एकच नाव असेल तर सावध राहा.

२. वरच्याला भोवळ आली, मशीन लागलं, तर त्याला खाली कोण आणणार? तो माणूस दाखवा.

३. हा तुकडा किती वजनाचा असेल? आकडा थोडा चुकला तरी चालेल, पण अंदाजच न घेणारा माणूस वजनाचा विचार करत नाही.

४. खालचा दोर कोण धरणार आणि त्यानं हे आधी केलं आहे का?

५. कुठलं झाड तुम्ही नाकारलंत? पोकळ, वाळलेलं, तारेत अडकलेलं झाड ‘यावर चढणार नाही, क्रेन किंवा लिफ्ट आणा’ असं सांगणारा माणूस शिकवायलाही लायक असतो. सगळंच जमतं म्हणणाऱ्याकडं पोराला पाठवू नका.

झाड तारेजवळ असेल तर आधी महावितरणला कळवा. १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. महावितरणच्या माणसानं लाइन बंद केल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नका. आपणच डीपीवरचा फ्यूज काढून काम उरकणं हा त्यावरचा उपाय नाही.

पाऊस दरवर्षी येणार, झाडंही कलणार आणि काही काढावीही लागणार. मावळात चढणारे हात आहेत, दोर जाणणारी माणसं आहेत, शिकवायला इमारतही आहे. त्यांना एकत्र बसवायची बैठक पुढच्या मृगाच्या आधी झाली, तर यंदा जो पोरगा प्लास्टिकचा दोर कमरेला बांधून वर चढतोय, तो पुढच्या वर्षी नीट बांधलेला असेल.